हवेची नळी

औरंगपुऱ्यात भर दुपारी मल्हाररावांची काळी मोटार बंद पडली. वैजापूर सोडल्यापासून ही तिसरी वेळ. रस्त्यावरच्या चौघांनी ढकलत ती कारभारी मिस्त्रीच्या गॅरेजात आणली.

मल्हारराव मागच्या सीटवरून उतरले ते तावातच. "मिस्त्री, गाडीत खोट नाही. वडिलांनी पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली घेतलेली, पंचवीस वर्षं झाली, पण इंजिन अजून घड्याळासारखं आहे. तिघांनी तपासली. अर्धा तास उभी केली की आपसूक चालू होते." त्यांनी ड्रायव्हरकडं बोट केलं. "खोट ह्याच्यात आहे. पायाला आता क्लच कळत नाही. परवापासून दुसरा माणूस येतोय."

पुंजाराम साठीला आलेला. बावीस वर्षं ही एकच गाडी त्यानं चालवली होती. चार महिने हेच ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

कारभारीनं बॉनेटला हातही लावला नाही. तो मागं गेला, गाडीखाली आडवा झाला आणि म्हणाला, "पुंजारामभाऊ, या इकडं. टाकी चाचपून बघा."

पुंजाराम वाकला. टाकीचा तळ उपाशी जनावराच्या पोटासारखा आत गेला होता.

"आरं! सकाळी पुसली तवा तर सपाट व्हती."

"दगड लागला असंल," मल्हारराव म्हणाले.

"दगड नाय, मालक. बिड्या विझवा रे सगळ्यांनी. आन् आता ऐका."

कारभारीनं टाकीला जोडलेली बोटाएवढी नळी सैल करून खेचली. सूं करून हवा आत शिरू लागली. एवढ्याशा भोकातून ती शिरतच राहिली. मग टाकीतून धडाम् असा आवाज आला. ढकलायला आलेल्यांपैकी दोघं रस्त्यावर पळाले. मल्हारराव भिंतीला टेकले. पुंजारामनं पुन्हा हात लावला, तर तळ सपाट झाला होता.

"पेट्रोल खाली जाईल तशी त्याच्या जागी हवा यावी लागती," कारभारी म्हणाला. "त्यासाठी ह्या दोन नळ्या. एक रबराची, ती सडून चिकटलीय. दुसरी लोखंडी, तीबी तुंबलीय. इंजिन ओढतंय, हवा मिळंना, मग पेट्रोलबी येईना. गाडी उभी राहिली की झाकणाच्या फटीतून जराजरा हवा झिरपायची, म्हणून चालू व्हायची. डायवर काय करील ह्यात?"

"नुसत्या हवेनं लोखंड दाबलं?"

"भायेरच्या हवेनं. ती काय, सगळीकडं हायेच की."

मल्हाररावांनी आपला हात वर केला आणि भोवतालच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मग पांढरंशुभ्र धोतर सावरून ते तेलकट फरशीवर बसले आणि टाकीच्या तळावरून त्यांनी तळवा फिरवला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा फिरवला.

कारभारीनं लोखंडी नळी काढून बाहेर उन्हात नेली आणि करवतीनं कापली. बाहेरच्या टोकाकडचा तुकडा गच्च मातीनं भरला होता.

"कुंभारमाशीचं घर," तो म्हणाला आणि तुकडा पुंजारामच्या हातात दिला. "हिनं तुमची मोटार थांबवली."

मग त्यानं तांब्याची नवी नळी टाकीहून उंचावरून वळवून नेली, नवं रबर चढवलं, पट्ट्या आवळल्या, तोंडानं फुंकून पाहिलं. गाडी चालू केली. तासभर ती एका लयीत गुरगुरत राहिली.

मल्हारराव पुंजारामजवळ आले. "पुंजारामदादा, परवा आईला वेरूळला न्यायचंय. तुम्हीच न्या."

पुंजारामनं मान वर केली नाही. तो नळीच्या तुकड्याकडं बघत होता.

"मालक, हे हलतंय."

सगळे जवळ आले. मातीला बारीक भोक पडलं होतं. आतून कोणीतरी ते कुरतडत होतं. एक कण पडला, मग दुसरा. दोन मिशा बाहेर आल्या, त्यामागं काळं डोकं.

"पेट्रोलच्या वासात वाढली ही," कारभारी पुटपुटला.

त्यानं गाडीत वाकून इंजिन बंद केलं. गल्लीत रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मल्हाररावांनी दोन्ही हात पसरून ढकलणाऱ्यांना मागं थोपवलं.

"हलू नका कुणी," ते अगदी हळू म्हणाले. "तिला येऊ द्या."