चौथा रकाना

नारिन शहरातल्या कामगार कचेरीत झिपारने तीन रकाने झरझर भरले आणि चौथ्यापाशी तिचं पेन अडलं. ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचं पूर्ण नाव.’

“डेअरीचे मॅनेजर,” ती म्हणाली.

“हुद्दा नको, नाव हवं,” खिडकीमागची बाई म्हणाली. “तुमच्या बदलीच्या पत्रावर नुसती सही आहे. सही कसली, गांडूळ आहे ते!”

अकरा वर्षं झिपार दूध तपासत होती. तिला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात मॅनेजरने तिची जागा एका पुरुषाला दिली आणि तिला कॅन धुवायला लावलं. चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. आता सातवा महिना लागला होता, आणि तक्रारीची मुदत आज संपत होती.

पण मॅनेजर पडले तिचे थोरले चुलतसासरे. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव सुनेने जिभेवर आणायचं नाही, कागदावर तर नाहीच. शिवाय राहायचं त्यांच्याच अंगणातल्या घरात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

“मीही कुणाची तरी सूनच आहे हो,” बाईने आवाज खाली आणला. “पण रकाना रिकामा राहिला तर कागद परत येतो. नवऱ्याला आणायचं होतंत.”

“ते मॉस्कोला असतात, कामाला.”

झिपारला रडू फुटलं. तिने कागदाची घडी घालायला घेतली.

मागच्या बाकावर तिची सासू बसली होती. सोबतीला आली होती की सुनेला आवरायला, ते म्हातारीने वाटेत सांगितलं नव्हतं. या थोरल्या दिरांना एक्केचाळीस वर्षं ती ‘मोठ्या दारचे’ म्हणत आली होती. ती उठली, खिडकीशी आली आणि सुनेच्या हातातला कागद काढून तिने आत सरकवला.

“ओरोझबेक,” ती म्हणाली. “ओरोझबेक सादिरोव्ह. लिहा.”

रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. खिडकीतल्या बाईने गुपचूप रकाना भरला. म्हातारीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं.

“आत्याबाई...”

“सही कर,” रुमालाआडून म्हातारी म्हणाली. “आणि माझ्याबरोबर निघू नकोस. आधी मी घरी जाते, मोठ्या दारी काय ते मी ऐकून घेते. तू पुढच्या गाडीने ये.”