राजाचा खंड

स्कॉटलंडच्या डोंगरात ऊनाच्या घराण्याकडे राजाने दिलेली जमीन होती, आणि तिचा खंड होता बर्फाचा एक गोळा. ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी तो बर्फ कधीच न वितळणाऱ्या एका खोल घळीतून आणायचा आणि दारापुढच्या शिळेवर ठेवायचा. घ्यायला आजवर एकही राजा फिरकला नव्हता.

"यंदा मी आणणार नाही," ऊना म्हणाली. "हवाच असेल तर येऊ दे की त्याला!"

"जीभ आवर, पोरी!" तिच्या म्हाताऱ्या बापाने, टॉर्किलने खुर्चीतूनच दटावलं. "जमीन जाईल."

"गेल्या वर्षी हाच खंड आणताना त्या घळीत दादाचा जीव गेला, बाबा. तेव्हा कुठे होता तुमचा राजा?"

त्या मोठ्या दिवशी भर दुपारी तिने दार उघडलं. ऊन रणरणत होतं. शिळेवर मात्र हिम धरलं होतं, मागायला पसरलेल्या हाताच्या आकाराचं.

"ऊना, आत ये!" टॉर्किल ओरडला.

ती उलट पुढे झाली आणि आपला रिकामा, उबदार तळवा तिने त्या हातावर दाबला.

"हा घे तुझा खंड. आता वितळ."

हिम वितळलं नाही. त्याची गार बोटं तिच्या हाताभोवती हळूहळू मिटली.

ऊनाने हात मागे घेतला नाही. तिनेही त्या हाताभोवती मूठ आवळली.