माझ्या बाजूची माती

आइफेलच्या डोंगरातल्या आमच्या गावात नवरा गेला की थडग्याच्या दगडावर बायकोचंही नाव कोरून ठेवतात. जन्माचं साल असतं, पुढची जागा कोरी. माझ्या नवऱ्याच्या, एंगलबर्टच्या नावाशेजारी माझं नाव तसंच आहे. सकाळची प्रार्थना झाली की झारी घेऊन तिथं जायचं, हा माझा नेम.

त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली. या उन्हाळ्यात त्या माझ्या बाजूची माती खचली.

थडगी खणणाऱ्या मात्तेसला मी बोलावलं. खळगा बघून तो हसला. "टाइसनबाई, दुपारची येऊन झोपून बघता की काय?"

"थट्टा पुरे. माती टाक."

त्याने टाकली. काही दिवसांत ती पुन्हा खाली गेली, माणसाच्या लांबीएवढी. एंगलबर्टची बाजूही एकदा अशीच खचली होती.

"खालची पेटी कुजली की माती बसते, बाई." आता मात्तेस हसत नव्हता. "पण इथं मी कुणालाच ठेवलेलं नाही."

त्याने लोखंडी सळई खुपसली. ती सहज आत गेली आणि लाकडावर टक्कन थांबली.

"मग मी कुठं निजू रे?" मी विचारलं. सगळा संसार मी एंगलबर्टच्या डाव्या अंगालाच निजले होते.

मात्तेसने सळई बाजूला ठेवली. त्याने टोपी काढली, हात विजारीला पुसला आणि मयताच्या घरच्यांपुढे सांत्वनाला करतात तसा माझ्यापुढे केला.

माझ्या घरचं दुसरं कुणी नाही. म्हणून तो हात मीच हातात घेतला.