हात लावायचा नाही

साथ आल्यापासून अप्पांनी कशालाही हात लावणं सोडलं होतं. दाराची कडी कोपराने, दिव्याचं बटण छत्रीच्या टोकाने. सुनेने खिडकी उघडली, की तीही छत्रीनेच धाडकन बंद. "बाहेरची रोगराई घरात बोलावतेस का?"

अडलं ते फक्त पेपरपाशी. तो यायचा शेजारच्या रिटायर्ड पोस्टमनकडून, सगळ्या बिल्डिंगचे हात लागून. त्याला शिवणं म्हणजे विषाची परीक्षा! शेवटी अप्पांनीच तोडगा काढला. पोस्टमनने साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, रबरी हातमोजे चढवायचे आणि पेपर वाचून दाखवायचा.

पोस्टमन सर्दीने बेजार होता, म्हणून बिचारा मास्क लावून आला. अप्पांनी तो काढायला लावला.

"मला कमी ऐकू येतं, बाबा. ओठ दिसल्याशिवाय काही कळत नाही."

मग दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. चार बातम्या झाल्या, सात-आठ शिंका झाल्या, आणि पोस्टमन एकदम थबकला.

"अप्पा, हे ऐका! डॉक्टर म्हणतायत, वस्तूंना हात लावून हा आजार फारसा पसरत नाही म्हणे. पसरतो तो बंद खोलीत, एकमेकांच्या तोंडाजवळ बसून बोललं की!"

 

अप्पांनी कान थेट त्याच्या तोंडाशी नेला. "काय म्हणालास? जरा जवळ येऊन सांग."