पाच हिरवे दिवे
बोंडअळीचे साल होते, फवारणीपंप कमी पडत होते. पंपाचे सुटे भाग पाच गावांतले कारखाने बनवत; कुणी कुणाला पाहिले नव्हते, पंप कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर प्रत्येकाच्या नावापुढे फक्त एक दिवा होता. माल तयार तर हिरवा, उशीर तर लाल. ज्याचा लाल, त्याचे काम दुसऱ्याला. अचलपूरच्या वलीचे निम्मे नोझल लेथवर चढायचे होते, तरी इतरांचे दिवे हिरवे होताना पाहून त्यानेही हिरवा केला. इतक्यात नांदगाव खंडेश्वरहून वॉशर बनवणाऱ्या रागिणीताईंचा फोन आला. “वलीभाई, तुमच्या नोझलचे वॉशर द्याले मले अजून दोन दिवस पायजे.” “मंग हिरवा कावून केला, ताई?” “तुमचा पाहून!” दोघे हसले. पडद्यावर पाच बोंडे होती, वरून हिरवी, आतून पोखरलेली. वलीने लाल दाबले. मिनिटभरात नांदगाव लाल झाले, मग मूर्तिजापूर, अकोला, शेवटी अमरावतीही.