दर रविवारी जाणारा आवाज

“आज याचा कायमचा निकाल लावते, आई. म्हणजे दर रविवारी फोनवर डोकेफोड नको,” असं म्हणून लेक वडिलांच्या खुर्चीत बसली.

एरवी आईची जीभ म्हणजे कात्री. आज मात्र गुपचूप भाजी निवडत दारात बसून राहिली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच ओळ होती : साउंड कार्डचं मॉड्यूल सापडत नाही. मॉड्यूल म्हणजे आवाज कसा काढायचा ते यंत्राला सांगणारी एवढीशी फाइल. ती नसली की लिनक्सवर चालणाऱ्या या कॉम्प्युटरची वाचा बसली म्हणून समजा. रविवार उजाडला की ही फाइल गायब. मग लेक परगावाहून फोनवर एकेक अक्षर सांगायची आणि ती परत बसवून घ्यायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच रडगाणं.

आधी फोनवर बाबा असायचे. रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. याच खोलीत फळीवर पोट उघडलेले रेडिओ मांडलेले असायचे, तापल्या कथलाचा वास असायचा आणि फ्रॉकमधली लेक मुठीत स्क्रू धरून शेजारी उभी असायची. “सांडलास तर कान उपटीन!” म्हणायचे. कान कधी उपटला नाही. पुढे हा कॉम्प्युटर लेकीनेच आणून दिला. फोनवर ती घाईत असायची आणि हे मध्येच विचारायचे, “जेवलीस का?”

“बाबा, आधी एंटर दाबा!”

ते गेले आणि फोनवर आई आली. इंग्रजी अक्षरं हुडकत, एकेका ओळीला अर्धा तास.

लेकीने आधी तारेला दोष दिला, मग डिस्कला. शिकलेल्यांची रीतच ती. शेवटी तिने सगळ्या डिस्कभर त्या फाइलचं नाव शोधलं. फाइल हरवली नव्हतीच. बाबांच्या फोल्डरमध्ये, तिच्या लहानपणीच्या फोटोंशेजारी, नीट ठेवलेली होती.

फाइल काही आपल्या पायांनी चालत जात नाही.

“बाबा, लबाड कुठले!” लेक हसली. डोळे भरून आले. मग हसू तिथेच थांबलं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गेल्या रविवारी तिने ही फाइल आईकडून जागेवर बसवून घेतली होती. आणि आज ती पुन्हा इथे होती.

ती दाराकडे वळली. आई निवडलेलीच भाजी परत निवडत होती.

“आई?”

“काय आई? दवाखान्यातून शेवटचे घरी आले, तेव्हा शेजारी बसवून शिकवलं त्यांनी. बोटांना पाठ झालंय माझ्या.” आईने मान वर केली नाही. “बिघडवायचं तेवढंच शिकवलं. म्हटलं, नीट कसं करायचं तेही सांगून ठेवा. तर म्हणाले, त्याला लेक आहे ना.”