चार इंचांची फट

"फट? माज्या घरात?" धर्माजींनी नकाशावरचं बोट उचललंच नाही.

"चारच इंचांची, आजोबा," हर्षाली म्हणाली. गोरखची ही मुलगी पुण्यात इमारतींचं डिझाईन करायची. निमगाव सावातलं नवं तीन मजली घर तिच्याच हाती होतं. गोरख आणि दादाभाऊ, धर्माजींचे दोन्ही मुलगे, मान खाली घालून चहा पीत बसले होते. बोलायचं काम पोरीवर सोपवून मोकळे!

जागा धर्माजींची, सही त्यांचीच लागणार. त्यांची अट एकच होती. घर एक, चूल एक, आणि आपण जिवंत असेपर्यंत वाटणीचं नाव काढायचं नाही.

"प्लॉट काटकोनात वळतो. एक बाजू लांब, एक आखूड. भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या हलणार, घर पिळवटणार. सगळा ताण या कोपऱ्यात."

"तितं माजी खोली हाये."

"म्हणूनच काढली. दोन्ही बाजू सुट्या ठेवायच्या, मधे फट."

"मंग जिने दोन कशाला?"

"फटीवरून जिना नेला तर हादऱ्यात तुटतो."

"आन् चूल?"

"एकच. तिकडं नुसती कोठी."

किल्लारीच्या भूकंपानंतर धर्माजी गावच्या भाकऱ्यांचा ट्रक घेऊन गेले होते. तिथं काय पाहिलं ते त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, लहानग्या हर्षालीला.

"आजोबा, ती लेकरं आठवतात ना?" तिनं हळूच विचारलं.

त्यांचे डोळे भरले. "लई शिकलीस गं बाय. आमाला काय कळतंय! माजी खोली मंग कुटं?"

"दोन्ही बाजू तुमच्याच की."

त्यांनी नकाशावर सही केली. परवानगीचे म्हणून तिनं पुढं केलेल्या दोन कागदांवरही केली, चष्मा न शोधता. ती पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला.

दुपारी जुन्नरला वकिलांनी ते दोन कागद उलगडले. ते वाटणीपत्र होतं; त्यावर दोन्ही भावांच्या सह्या महिन्यापूर्वीच झाल्या होत्या. नकाशावरच्या 'कोठी'वर काट मारून हर्षालीनं 'स्वयंपाकघर' लिहिलं.

"शेवटचं कलम," वकील वाचू लागले. "वडील सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. सुरुवात कुणाकडून, ती जागा कोरी आहे. काय लिहू?"

भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

"काकांकडून," हर्षाली म्हणाली.